शेवट माहीत असूनही रात्री दोनपर्यंत जागवणारी पुस्तकं: तुमचे अनुभव

जुन्या लोककथांवर बेतलेल्या रोमँटिक फँटसी कादंबऱ्यांनी मला सध्या पार झपाटलंय. शेवटी काय होणार ते शेंबड्या पोरालाही ठाऊक, तरी दोन-दोन वाजेपर्यंत वाचत बसते. तुम्हाला हे वेड कसं लागलं? लिहा ना.

*

माझी सुरुवात ब्यूटी अँड द बीस्टपासून. आपल्याला माहितीये ती गोष्ट १७५६ ची, बोमाँ या फ्रेंच लेखिकाबाईंनी आटोपशीर केलेली, मूळ त्याआधीची, १७४० ची. बोमाँबाईंच्या गोष्टीत तो बीस्ट रोज रात्री ब्यूटीला जेवताना विचारतो, लग्न करशील का, ती नाही म्हणते, तो उसासा टाकून निघून जातो आणि दुसऱ्या रात्री परत विचारतो. आमच्याकडे पोहे झाले, पाहुणे गेले आणि बाबांनी आईला विचारलं, "तिला पसंत आहे ना?" अहो मी तिथेच ट्रे घेऊन उभी होते! नवरा चांगला निघाला, तक्रार नाही, पण ते रोज विचारणं काही डोक्यातून जात नाही. रॉबिन मॅकिन्लीची 'ब्यूटी' (१९७८) मिळाली तर वाचाच, त्यातली ब्यूटी दिसायला बेताची आहे, नाव नुसतं टोपणनाव.

*

मी पुरुष आहे, हसू नका. बायकोच्या किंडलवर नाओमी नोविकची 'स्पिनिंग सिल्व्हर' उघडली. रम्पलस्टिल्टस्किनची, म्हणजे गवताचं सोनं कातून देणाऱ्या बुटक्याची गोष्ट, पण नायिका सावकाराची मुलगी. बाप इतका भिडस्त की उधारी मागायला जीभ रेटत नाही, घरात खायचे वांधे, मग पोरगीच वसुलीला निघते. आमचं गावात किराणा दुकान होतं. उधारीची वही घेऊन मी दारोदार फिरलोय आणि लोक दाराआडून "घरी नाहीत" म्हणायचे ते ऐकलंय. पुढे बर्फाचा राजा येतो, चांदीचं सोनं करून दे म्हणतो, लग्नबिग्न, ते सगळं आलंच. पण मी गुंतलो त्या वहीत.

*

कुणी नॉर्वेची पांढऱ्या अस्वलाची गोष्ट वाचलीये का? दिवसा अस्वल, रात्री माणूस, त्याच्याकडे राहणारी मुलगी मेणबत्ती लावून बघते आणि चरबीचे तीन थेंब त्याच्या शर्टावर पडतात. शेवटी तो म्हणतो, डाग जी काढेल तिच्याशीच लग्न. हडळी घासघासून दमतात, डाग आणखी काळा होतो 😂 आख्खं लग्न धुण्यावर ठरलं! यावरच्या कादंबऱ्या मी शोधून शोधून वाचते.

*

माझा विरोधी सूर. ५०० वर्षांचा देखणा राजा आणि १९ वर्षांची मुलगी, प्रत्येक पुस्तकात तेच. एवढं जगून त्याला बरोबरीची कुणी भेटलीच नाही?

*

मला शिवामुठीची कहाणी आठवली. आजी श्रावणात वाचायची. नावडत्या सुनेला उष्टंमाष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, राहायला गुरांचं बेडं. तिला नागकन्या-देवकन्या भेटतात, महादेवाला मूठ वाहायला शिकवतात आणि ती मागते काय, तर सासू-सासऱ्यांना, दीर-नणंदांना, भ्रताराला नावडती आहे ती आवडती कर. मी आजीला विचारलं होतं, असल्या लोकांना आवडून करायचंय काय? आजी म्हणाली, गप बस, हातातले तांदूळ सांडतील.
तर कुणीतरी लिहा. नागकन्येला एखादा भाऊ असेलच की.