मदत हवी आहे: ट्रॅक्टरच्या लिफ्टचा पंप सोलापुरात कुठे मिळेल?

सीनाकाठ:
ट्रॅक्टरची मागची, अवजार उचलणारी लिफ्ट सकाळी नीट उचलते. दुपारपर्यंत कल्टिवेटर अर्ध्यावर येतो आणि तिथंच लटकतो. मेस्त्री म्हणतो पंप गेला, नवा टाका. पितृपंधरवडा संपला की ज्वारीची पेरणी आहे, थांबायला वेळ नाही. पंप सोलापुरात कुणाकडे मिळेल तेवढं सांगा. ट्रॅक्टर आजोबांचा आहे, विकायचा नाही, तो सल्ला कृपया नको.

माळरान:
ट्रॅक्टर कुठला? मॉडेल? जुना म्हणजे किती जुना? एवढं सांगितल्याशिवाय पंप कोण देणार, भाऊ?

बार्शीचा_बागायतदार:
माझ्या एचएमटी 2511 ट्रॅक्टरला हेच झालं होतं. तेल बदललं, तेल गाळायची जाळी धुतली, खडखडीत चालू झाला. तुम्हीही तेच करा, पंपाच्या नादी लागू नका.

सीनाकाठ:
मॅसी 35. तेल गेल्या उन्हाळ्यात बदललंय.

जुनं_लोखंड:
बागायतदार, एचएमटीची रचना वेगळी. मॅसीत पंप बाहेर दिसतच नाही, मागच्या हाऊसिंगच्या पोटात तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या (अवजाराला इंजिनची ताकद देणाऱ्या) शाफ्टवर फिरतो. चार पिस्टनचा पंप आहे. गिअर आणि लिफ्ट दोघांचं तेल एकच.
सीनाकाठ, आधी हे सांगा. पीटीओचा लीव्हर इंजिनच्या बाजूला आहे ना? न्यूट्रलला असेल तर पंप फिरणारच नाही. कल्टिवेटर वर उचलून इंजिन बंद केलं तर तो वरच राहतो की खाली येतो? आणि इंजिन चालू असताना, लिफ्टच्या लीव्हरला हात न लावता, वर-खाली डुलतो का?

सीनाकाठ:
लीव्हर बरोबर आहे, नाहीतर सकाळी तरी कशी उचलली असती? बंद केलं की खाली येतो. डुलतो, बऱ्यापैकी डुलतो.

जुनं_लोखंड:
मग पंप घेऊ नका. निदान आज तरी नको.
पंप थकलेला असता तर लिफ्ट हळू उचलली असती, पण उचललेलं धरून ठेवलं असतं. तुमचं उलट आहे. उचललेलं तेल कुठून तरी परत पोटात पडतंय. लिफ्टचे आर्म, म्हणजे अवजार उचलणारे दांडे, थोडे खाली सरकले की व्हॉल्व्ह उघडतो, पंप पुन्हा भरतो, पुन्हा गळतं. डुलण्याचं कारण हेच. सकाळी तेल घट्ट असतं म्हणून गळती कमी. गरम होऊन पातळ झालं की फटीतून सुसाट पळतं.
गळायच्या जागा मोजक्याच. सिलिंडरच्या पिस्टनच्या रिंगा, पंपातून वर जाणाऱ्या स्टँड पाइपच्या ओ रिंगा (रबरी गोल कड्या), जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह आणि पंपाचेच डिलिव्हरी व्हॉल्व्ह. नवा पंप बसवला आणि गळती ओ रिंगमध्ये निघाली तर पैसेही गेले आणि पेरणीही.

बार्शीचा_बागायतदार:
एवढं पुराण कशाला? 90 नंबरचं जाड ऑईल ओता, गळती आपोआप कमी होते. आमच्याकडं सगळे तेच करतात.

माळरान:
नका ओतू. जाड तेल थंडीत जाळीतून ओढलंच जात नाही, मग पंप कोरडा फिरतो. रोग तसाच राहतो आणि पंप मात्र खरोखर जातो. गिअर-हायड्रोलिकचं एकत्र तेल मिळतं, तेच घाला.

बार्शीचा_बागायतदार:
एचएमटी चालवतोय इतकी वर्षं, मला तेल शिकवू नका.

करडा_बोनेट:
मॅसी 35 आहे हे वाचून फार बरं वाटलं! मूळ रंग ठेवलाय का? 1956 साली फर्ग्युसन 35 आला तेव्हा करडा आणि तांबूस-सोनेरी होता, मॅसी फर्ग्युसन नाव लागल्यावर लाल आणि करडा झाला. गंज सँडपेपरने घासू नका, आधी प्रायमर कुठला घ्यायचा ते मी सांगतो. फोटो टाका.

सीनाकाठ:
रंगाचं नंतर बघू दादा. लोखंडसाहेब, गळती नेमकी कुठे हे कसं कळणार? अख्खं कव्हर उतरवायला मेस्त्री दोन दिवस म्हणतो.

जुनं_लोखंड:
कव्हर आत्ता नको. उजव्या बाजूला डिपस्टिक आहे ना, ते साइड कव्हर उघडा. आधी ट्रॅक्टर डावीकडे कलेल असा उतारावर लावा, तेल त्या खिडकीच्या खाली जाईपर्यंत काढून ठेवा. मग आर्मवर वजन टाकून इंजिन चालू करा, लिफ्ट उचला आणि बॅटरीच्या उजेडात लांबून बघा.
हात आत घालायचा नाही. आत शाफ्ट फिरतोय. आणि प्रेशरचं तेल बारीक धारेतून कातडीत घुसतं, वरून जखम टिचभर दिसते, आतून हात जातो. उचललेल्या अवजाराखाली कुणाला बसू देऊ नका, तुमचं तर ते आपोआप खाली येतंय.
सिलिंडरच्या तोंडातून तेल पडत असेल तर रिंगा. पाइपच्या बुडाशी फवारा दिसला तर ओ रिंग. काहीच नाही दिसलं तर मग पंपाचे व्हॉल्व्ह.

काळी_माती:
मोहोळकडचे का तुम्ही? मालदांडी ज्वारीच पेरणार असाल ना? 35-1 हे वाण मोहोळच्या केंद्रातच निवडलेलं आहे. नवी वाणं उतारा देतात, पण भाकरी आणि कडबा मालदांडीचाच. पाऊस बरा झालाय, ओल असेपर्यंत पेरून घ्या.

माळरान:
काळी माती, बरोबर आहे, पण पेरायला लिफ्ट लागते!

सीनाकाठ:
बघितलं. सिलिंडर कोरडा आहे. पाइपच्या खालच्या टोकाला सगळीकडून धुक्यासारखा फवारा उडतो, लिफ्ट वर गेली की जास्त. तेल दुधासारखं झालंय, मेस्त्री म्हणतो काही होत नाही.

जुनं_लोखंड:
सापडलं. कव्हर उतरवायचं नाही. कव्हरच्या वरची छोटी प्लेट काढा, पाइप सरळ वर ओढून निघतो. वरची आणि खालची दोन्ही ओ रिंगा बदला. जुन्या रिंगा सोबत नेऊन माप जुळवा, रबर तेलात टिकणारं मागा. पाइपच्या खाचेत चरा पडलाय का तेही बोट फिरवून बघा, असला तर नवी रिंग महिनाभरात कापली जाईल.
दुधासारखं तेल म्हणजे पाणी शिरलंय. गिअर लीव्हरचं रबर फाटलेलं असणार, पावसात उघड्यावर उभा असेल. सगळं तेल काढा, जाळी डिझेलने धुवा, रबर बदला आणि मगच नवं भरा. पाणी राहिलं तर पंपाचे व्हॉल्व्ह गंजून अडकतात.

बार्शीचा_बागायतदार:
जाळी धुवा असं मी पहिल्यांदाच म्हणालो होतो.

सीनाकाठ:
लीव्हरचं रबर फाटलेलंच आहे. उद्या सोलापूरला जाऊन रिंगा आणि रबर आणतो. तेल किती लिटर लागेल?

माळरान:
लिटरवर जाऊ नका. सपाटीवर उभा करून डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, लिफ्ट चार-सहा वेळा वर-खाली करा आणि पुन्हा बघा.