निऑनची जुनी पाटी आणि लहान गाव : तुमचे अनुभव सांगा

अमेरिकेत रूट ६६ या जुन्या हायवेवर फिरताना एखाद्या जुन्या निऑन पाटीसाठी मुद्दाम थांबलायत का? गाव कसं वाटलं? सविस्तर लिहा.

*

आम्ही न्यू मेक्सिकोतल्या टुकमकॅरीला ब्लू स्वॅलो (म्हणजे निळी पाकोळी, तो पक्षी) मोटेलमध्ये राहिलो. मोटेल १९३९ सालचं. मोठा हायवे गावाला वळसा घालून जातो, त्यामुळे बरेच जण गाव न बघताच पुढे निघून जातात. फार वाईट वाटतं. दुपारी पाटी म्हणजे रंगवलेल्या पत्र्यावर बसवलेल्या काचेच्या नळ्या. दिवेलागणीला पाटीवरची निळी पाकोळी पेटली आणि आम्ही जेवायला जायचं विसरलो! खाली ‘१०० टक्के रेफ्रिजरेटेड एअर’ अशी अक्षरं. एसीचं अप्रूप होतं तेव्हाची जाहिरात. जवळ गेलं की बारीक गुणगुण ऐकू येते. खोलीबाहेर खुर्च्या मांडलेल्या, शेजारच्या खोलीतले आजी-आजोबा आपणहून गप्पा मारायला आले. मोठ्या शहरात हे होत नाही.

*

दुसऱ्या एका गावात आम्ही कडाक्याच्या थंडीत गेलो होतो. पाटीवरची लाल अक्षरं झगझगीत, निळी मात्र मंद. मालकीणबाईंना विचारलं तर हातातलं काम टाकून बाहेर आल्या. म्हणाल्या, लाल-केशरी नळीत निऑन वायू असतो. निळ्या नळीत बहुधा आर्गॉन वायू आणि थेंबभर पारा, आणि गारठ्यात पाऱ्याची वाफच कमी होते म्हणून ती फिकी दिसते. नळी आचेवर तापवून हातानेच वाकवतात. एक अक्षर फुटलं की आधी कारागीर शोधायचा, तोही जवळपास मिळत नाही. सोपा एलईडी का नाही लावत, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्या पाटीवर त्यांचा जीव होता.

*

मिझुरीतल्या कार्थेजचं बूट्स कोर्ट हे मोटेल चुकवू नका. तेही १९३९चंच. गोलाकार कोपरे आणि छताच्या कडेने फिरवलेला हिरवा निऑन. आम्ही फक्त चहापुरते थांबणार होतो, मुक्कामच केला.

*

फोटो काढायचे असतील तर सूर्य मावळल्यावर लगेच काढा, आकाशात निळाई असेपर्यंत. मिट्ट काळोखात नळ्या फोटोत पांढऱ्याफटक येतात आणि पाटीचा पत्रा, त्यावरचा जुना रंग काहीच दिसत नाही. एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. आणि आधी फोन करून पाटी चालू आहे ना ते विचारून घ्या, दुरुस्तीला काढलेली असू शकते.