मदत हवी आहे: गरम पाण्यात कोपेपॉड लहान का राहतात?

कोपेपॉडबद्दल (पाण्यातले अगदी छोटे, कवच असलेले प्राणी) वाचतेय आणि एका जागी अडकलेय. पाणी गरम झालं की वाढ फास्ट होते आणि डेव्हलपमेंट (एका स्टेजमधून पुढच्या स्टेजमध्ये जाणं) त्याहून फास्ट, म्हणजे पुरेसं वजन चढायच्या आधीच पुढची कात टाकली जाते आणि प्रौढ लहानच राहतो, इथपर्यंत कळलं. पण नॉप्लियसच्या (अंड्यातून निघालेलं पिल्लू) 6 स्टेज, मग कोपेपोडाइटच्या (प्रौढासारखं दिसणारं पिल्लू) 5, मग प्रौढ, तर हा फरक प्रत्येक स्टेजला थोडा थोडा साठत जातो की ठराविक स्टेजलाच पडतो? डाफ्निया (पाण्यातलाच दुसरा छोटा कवचवाला प्राणी) तर प्रौढ झाल्यावरही कात टाकत वाढतोच, मग त्याची तुलना कुठल्या साइजवर करायची, पहिल्या अंड्यांच्या वेळच्या? स्टेजवार वजन आणि कालावधी दोन्ही मोजलेला डेटा कुणाकडे असेल तर प्लीज सांगा, खूप मनापासून समजून घ्यायचंय.