नौदल अधिकाऱ्याचे जुने तैलचित्र: काळ कसा ठरवावा?

महालकर:
आमच्या घरी एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याचे तैलचित्र आहे. आजोबांनी ते सिव्हिल लाइन्समधील एका बंगल्याच्या लिलावात घेतले होते. कोट निळा, लॅपेलही (कोटाच्या छातीवरच्या दुमडलेल्या पट्ट्या) निळेच, पण त्यांना सोनेरी जरीची किनार; बटणांवर नुसता नांगर. चित्रावर सही नाही. सोनेरी झालरीचा इपॉलेट (हुद्दा दाखवणारा खांद्यावरचा पट्टा) एकाच खांद्यावर आहे, आपण पाहतो तेव्हा डावीकडे. हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे असेल का? शिवाय सीताबर्डीवरचे एक फ्रेमवाले ते स्पिरिटने पुसून देतो म्हणतात. तसे करावे का?

जुनीपाने:
आपल्या डावीकडचा खांदा म्हणजे त्या अधिकाऱ्याचा उजवा. ब्रिटिश नौदलात इपॉलेट 1795 मध्ये आले. तेव्हा तीन वर्षांहून कमी ज्येष्ठतेच्या कॅप्टनला उजव्या खांद्यावर एक, त्याहून ज्येष्ठ कॅप्टनला दोन आणि कमांडरला डाव्या खांद्यावर एक असा नियम होता. 1812 मध्ये तो बदलून सर्व कॅप्टनांना दोन मिळाले आणि उजव्या खांद्यावरचा एकटा इपॉलेट लेफ्टनंटकडे गेला. मात्र त्याच वर्षी लॅपेल पांढरे झाले आणि बटणांवर नांगराच्या वर मुकुट आला. आपण सांगता ती सोनेरी जरीची किनार, निळे लॅपेल व मुकुटाविना नांगर एकत्र पाहता हा 1795 ते 1812 मधला नवा कॅप्टन दिसतो.

रंगलेप:
गणवेशाचा हिशेब पटतो, पण त्यावरून अधिकाऱ्याचा काळ कळतो, चित्राचा नव्हे. अशा चित्रांच्या नकला घराण्यांतील वारसांसाठी पुढेही होत असत. म्हणून चित्र उलटे करून कॅनव्हासची मागची बाजू, चौकटीचे लाकूड आणि खिळे पाहावेत, रंगसाहित्य विकणाऱ्याचा शिक्का असल्यास उत्तमच. पांढऱ्या रंगात टायटॅनियम निघाले, तर तो भाग विसाव्या शतकातला. अर्थात ती नंतरची डागडुजीही असू शकते, त्यामुळे नमुना कुठून घेतला हे महत्त्वाचे.

धरमपेठकर:
स्पिरिटला साफ नकार द्या. जुने व्हार्निश नैसर्गिक राळेचे असते. ते पिवळे पडते आणि स्पिरिटमध्ये विरघळते, पण ते उतरताना खालचा नाजूक रंगही सोबत जाऊ शकतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेत विचारणा करावी.

त्याआधी एक घरगुती चौकशी: चित्र कूलरसमोर तर नाही ना? आपल्याकडे मे महिन्यात दिवसभर कोरडी झळ आणि कूलर लावला की खोलीत दमट हवा, असे रोज चालते. कॅनव्हासवर रंगाखाली लावलेला सरस ओलाव्याने फुगतो, सुकताना आक्रसतो, आणि वरचा रंग तडकून सुटू लागतो. भिंत बदलायला पैसे लागत नाहीत, तेवढे आजच करावे.