दुखण्याची गोळी घेतली का आईले दम काहून लागते?

वऱ्हाडी_मानूस: माह्या आईले दमा हाय, नाकात मासही वाढलं हाय. कापूस वेचून कंबर धरली म्हून मेडिकलातून डायक्लोफेनॅकची गोळी आणली तं तासाभरात छाती भरली, नाक वाहाले लागलं. आता डॉक्टरनं माँटेलुकास्ट लिहून देल्ली अन् म्हणे अशा गोळ्या बंद. पोटात गेलेल्या गोळीचा अन् छातीचा संबंध काय, कोणी सांगन काय?

औषधवाली_ताई: दादा, संबंध आहे. श्वासनळीच्या आतल्या अस्तराच्या पेशींत ॲराकिडोनिक ॲसिड नावाचं फॅटी ॲसिड असतं, त्यापासून अस्तर प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनवतं आणि ते नळीभोवतीच्या स्नायूला सैल ठेवतं, म्हणजे स्नायूत सायक्लिक एएमपी (पेशीला आतून निरोप देणारा छोटा रेणू) वाढतं, दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंपही शेवटी तेच करतो. ई-२ बनवायला कॉक्स नावाचं एन्झाइम (पेशीत रसायन घडवणारं प्रथिन) लागतं आणि ॲस्पिरिन, डायक्लो, आयबुप्रोफेन नेमकं तेच बंद पाडतात (ॲस्पिरिनचं हे शास्त्रज्ञ जॉन व्हेननी १९७१ मध्ये दाखवलं, पुढे १९८२ च्या नोबेलमध्ये वाटेकरी). त्याच फॅटी ॲसिडपासून दुसऱ्या वाटेने ल्युकोट्राइन बनतात, ते स्नायू आवळतात, ॲलर्जीतल्या हिस्टामिन या रसायनापेक्षा कितीतरी जोरात. माँटेलुकास्ट त्यांना स्नायूवर बसू देत नाही.

ओलीतवाला: म्हंजे दांडाचं पाणी एका वाफ्यात अडवलं का दुसऱ्यात घुसते, तसंच ना?

औषधवाली_ताई: तेवढंच असतं तर डायक्लो घेणाऱ्या प्रत्येकाला दम लागला असता ना भाऊ. दादांच्या आईसारख्या लोकांत ई-२ आधीच कमी पडतं, आणि ते मास्ट पेशींनाही (ॲलर्जीत रसायनं सोडणाऱ्या पेशी) आवरून धरत असतं, तेही गेलं की त्या पेशी ल्युकोट्राइन सोडत सुटतात. मोठ्या माणसांच्या दम्यात साधारण ७ टक्क्यांना असं होतं, नाकात मास असलं की शक्यता जास्त.

वऱ्हाडी_मानूस: मंग कंबरेले पॅरासिटामॉल चालन काय?

औषधवाली_ताई: ५०० ची बहुतेकांना चालते, एकदम १००० ने काहींना त्रास होतो, डॉक्टरांना विचारूनच द्या. पण पाकिटामागे वाचा, पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन घातलेलं असतं. माँटेलुकास्ट रोजची आहे, अटॅकात पंपच लागतो. झोप उडाली, उदास वाटायला लागलं तर लगेच कळवा, अमेरिकेत २०२० पासून त्या गोळीवर तसा ठळक इशारा आहे.

ओलीतवाला: अन् सुई टोचाच्या आधी विचारजा बाप्पा, खेड्यात कंबरेले डायक्लोचीच टोचतेत.