मित्राच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला हिंदू माणूस गॉडफादर होऊ शकतो का?

खाडीपलीकडचा:
नमस्कार मंडळी. मी मालवणचा, घरात गणपती. माझा मित्र कॅथलिक, दोघांत मिळून एक होडी आहे अकरा वर्षं झाली. त्याला मुलगा झालाय. परवा जाळं दुरुस्त करता करता म्हणाला, बाप्तिस्म्याक गॉडफादर म्हणान तूच उभो रव, माका दुसरो कोण नको. मी लगेच हो म्हटलं, मला वाटलं आपल्या बारशासारखं असेल, आत्या कानात कुर्र करते तसं काहीतरी. आता आमची ही म्हणते आधी नीट विचारा, तिथं शपथ घ्यायला लावतात. त्यात अजून एक घोळ, त्याची बायको रत्नागिरीकडची, पाण्यात पूर्ण बुडवतात त्या चर्चमधली, ती म्हणते पोराला कळायला लागलं की त्याचं तो घेईल, आत्ता कपाळावर पाणी ओतून काय होणार. घरात धुसफूस चाललीय आणि दोघंही मलाच येऊन सांगतात. कोणी जाणकार असेल तर सांगा.

वसईची_आजी:
बाळा, गॉडफादर नाही होता येणार, सरळच सांगते. तो कॅथलिक लागतो, साधारण सोळा वर्षं पूर्ण झालेला आणि दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा विधी, झालेला. दोघंच हवेत असंही नाही, एक गॉडफादर किंवा एक गॉडमदर असली तरी चालते. दुसऱ्या चर्चचा बाप्तिस्मा झालेला माणूस कॅथलिक गॉडपेरंटसोबत साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो, पण तुझा बाप्तिस्माच नाही म्हणून तेही नाही. वाईट वाटून घेऊ नको, कारण तुझी बायको शपथेचं म्हणते ते खरं आहे. फादर विचारतात सैतानाचा त्याग करता का, देवावर श्रद्धा आहे का, आणि बाळ बोलू शकत नाही म्हणून आईबाप आणि गॉडपेरंट "होय" म्हणतात. आता तू मनात गणपती ठेवून तिथं होय म्हणणार का? ते खोटं बोलणं झालं, तुलाही आवडणार नाही.

बारसं आणि हे एक नाही. नाव सुरुवातीलाच विचारतात हे खरं, पण बाप्तिस्मा नावासाठी नसतो, जन्मपाप, म्हणजे माणूस जन्मतःच घेऊन येतो ते पाप, धुऊन बाळ ख्रिस्तसभेत, म्हणजे चर्चमध्ये, येतं त्यासाठी असतो. छातीला तेल लावतात, मग डोक्यावर तीनदा पाणी, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने", मग टाळूला क्रिज्मा म्हणजे पवित्र केलेलं सुगंधी तेल, पांढरं वस्त्र, आणि पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती. आमच्या धाकट्या नातवाच्या वेळी फादरांनी शिंपल्यातून पाणी घातलं, कोळ्याघरचं पोर, शिंपल्याकडे बघून रडायचं थांबलं आणि सगळ्यांना हसू फुटलं.

आणि एक गंमत सांगते. तू गॉडफादर होऊ शकत नाहीस, पण बाळ अगदी मरणाच्या दारात असेल आणि फादर येईपर्यंत वेळ नसेल, तर चर्चला जे करायचं असतं तेच करायचं असं मनात ठेवून पाणी घालून ते शब्द तू म्हटलेस तरी तो बाप्तिस्मा खरा धरतात. दवाखान्यातल्या नर्सनेही दिलेला चालतो, ती कुठल्याही धर्माची असो.

भरती_ओहोटी:
मी त्या वहिनीच्या बाजूचा, म्हणजे बुडवणाऱ्यांतला, पण भांडायला नाही आलो. आमच्याकडे आधी विश्वास मग बाप्तिस्मा, तान्ह्या बाळाला विश्वास कसा विचारणार एवढाच मुद्दा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच बुडवणं, प्रभू येशूनं स्वतः यार्देन नदीत घेतला तेव्हा तो मोठा होता. माझा एकोणिसाव्या वर्षी खाडीत झाला. पास्टरांनी आदल्या दिवशी भरतीची वेळ विचारून ठेवली होती कारण ओहोटीला तिथं नुसता चिखल, तरी आम्ही उशीर केला आणि पाणी गुडघ्याच्या वर येईना, शेवटी मला बसवून मागे झोपवला, नाकातोंडात पाणी, एक चप्पल गेली ती गेलीच. पण बाहेर आल्यावर आई किनाऱ्यावर उभी राहून रडत होती ते अजून आठवतं. जुना माणूस पुरला आणि नवा उठला, आम्ही असं समजतो. लहान बाळांना आम्ही मंडळीसमोर अर्पण करतो, आशीर्वाद देतो, पाणी नंतर.

जुनी_वही:
दोन वाद मिसळू नका, बुडवायचं की ओतायचं हा एक आणि बाळाला द्यायचा की मोठ्याला हा वेगळा. ऑर्थोडॉक्स चर्च तान्ह्या बाळालाच तीनदा बुडवतात. आणि दुसऱ्या वादात माणसं मेलीत. 1525 साली झुरिकमध्ये काही जणांनी मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, म्हणजे त्यांच्या मते बाळपणीचा तो बाप्तिस्मा नव्हताच, तर त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला 1527 मध्ये तिथल्या नदीत बुडवून मारलं. बुडवायचं म्हणतोस ना, घे, असा तो सूड.

आपल्याकडचं घ्या, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, घरदार उलथंपालथं झालं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांनी आल्या. तेच टिळक शेवटी 1917 मध्ये मिशन सोडून देवाचा दरबार नावाचा भक्तमेळा काढतात आणि त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही चालतात. ज्या माणसानं पाण्यासाठी एवढं सोसलं त्यानं असं करावं, मला यातला कुठलाच भाग हलका वाटत नाही.

रापण७७:
बाप्तिस्म्याचं सर्टिफिकेट जपून ठेवा रे. कॅथलिकांत लग्नाच्या वेळी चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरचा ताजा दाखला मागतात आणि लग्न पण त्यातच नोंदवतात. माझ्या भावानं ऐनवेळी धावपळ केलीय.

खाडीपलीकडचा:
आजी, धन्यवाद, मित्राला वाचून दाखवलं, आधी गप्प झाला मग म्हणाला तुका खोटा बोलूक मी सांगूचंय नाय. त्याची बहीण उभी राहणार. वहिनी अजून पूर्ण तयार नाही, पण ती म्हणाली भरतीवाल्या दादांना विचारा, चप्पल परत मिळाली का. फादरांशी दोघं शनिवारी बोलणार. आणि मला काम मिळालंय, बाळाच्या पांढऱ्या कपड्याचं माप शिंप्याकडे द्यायचं, महिन्याच्या पोराचं माप कसं घेतात कोणी सांगेल का, ते हलतं सारखं.