ट्रेमोलो संथ करायचाय, कुठला कपॅसिटर बदलू?

नौपाडा_६व्ही६
मंडळी, ठाण्यात घरीच फेंडरच्या प्रिन्स्टन रिव्हर्ब या व्हॉल्व्हवाल्या गिटार अ‍ॅम्पच्या एए११६४ सर्किटवर अ‍ॅम्प बांधलाय. आवाज मनासारखा आलाय, पण ट्रेमोलोचा (आवाज लाटेसारखा कमी-जास्त करणाऱ्या इफेक्टचा) स्पीड पार खाली आणला तरी नुसती थरथर. जुन्या हिंदी गाण्यांतल्या लांब सुरांखाली मला संथ लाट हवी आहे. ऑसिलेटरमध्ये, म्हणजे ही लाट तयार करणाऱ्या भागात, ०.०१, ०.०१ आणि ०.०२ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत. लाटेची खोलीही (आवाज किती चढतो-उतरतो ते) बेताचीच वाटते.

नेरूळचा_रेडिओवाला
छान काम केलंत! तुमच्या सर्किटात ट्रेमोलो थेट पॉवर व्हॉल्व्हचा बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट वाहील ते ठरवणारा व्होल्टेज) हलवतो. फेंडरच्याच डिलक्स रिव्हर्बमध्ये निऑन दिवा आणि फोटोसेल असतो, त्याचे उपाय इथे लावू नका.

ते तीन कपॅसिटर मिळून सिग्नलची फेज १८० अंश फिरवतात. त्यातला कुठलाही वाढवला की वेग उतरतो. एका ०.०१ ला दुसरा ०.०१ समांतर जोडा आणि ऐका. एकदम तिन्ही वाढवू नका. ६३० व्होल्टचे फिल्म घ्या, लॅमिंग्टन रोडला मिळतात.

आता महत्त्वाचं. ऑसिलेटरच्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बघा. वेग जितका कमी, तितका तो अपुरा पडतो. गेन घसरतो, लाट दुबळी होते, कधी सुरूच होत नाही. तिथे १०० मायक्रोफॅरड टाका.

लाटेची खोली कमी असेल तर ६व्ही६ (पॉवर व्हॉल्व्ह) फार गरम, म्हणजे जास्त करंटवर, चालताहेत का ते तपासा. बायस थोडा थंड केला की ट्रेमोलो खुलतो. बायस मापताना मात्र ट्रेमोलो बंद ठेवा.

खारघर_स्ट्रॅट
दादा, प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास राहू शकतात. रेझिस्टरमधून रिकामे करा, मीटरवर खात्री करा, मगच हात घाला. एक हात खिशात. आणि ऑसिलेटरच्या जागी दुसरा १२एएक्स७ व्हॉल्व्ह लावून बघाच. रिव्हर्बला ठणठणीत चालणारा व्हॉल्व्ह इथे कच्चा पडू शकतो.

नौपाडा_६व्ही६
दोन्ही बदल केले. काय लाट आलीये! गिटारची ई तार मोकळी वाजवून सोडली की सूर सावकाश भरतो, सावकाश ओसरतो. पण आता प्रत्येक लाटेला बारीक ‘टक’ ऐकू येतंय.

नेरूळचा_रेडिओवाला
ऑसिलेटरच्या वायरी रिव्हर्बच्या किंवा इनपुटच्या ग्रिड वायरींना समांतर जाताहेत का? अ‍ॅम्प चालू असताना सुक्या लाकडी काडीने एकेक वायर हलवा. ‘टक’ जिथे बदलेल ती वायर चॅसिसला चिकटवून लांबून फिरवा. आतला फोटो टाका, बघून सांगतो.